मदत हवी आहे : महालक्ष्मीचा शो रात्री दहाला संपल्यावर सोलापूर कसे गाठावे?

नमस्कार.

येत्या २५ जानेवारी २०२६ रोजी, रविवारी, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी लिंकिन पार्क या रॉक बँडचा कार्यक्रम आहे. त्याची आम्ही तीन तिकिटे काढली आहेत: एक माझे, एक अकरावीतल्या मुलीचे आणि एक पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचे. जाण्याबद्दल काहीच वाद नाही. शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचे, भाच्याने पुण्याहून परस्पर यायचे आणि रविवारी सकाळी दादरला सगळ्यांनी भेटायचे, हे ठरलेले आहे. एकमत होत नाही ते परतीवर, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

सोलापुरात रॉक ऐकणारे लोक पुष्कळ आहेत, परंतु प्रत्यक्ष ऐकायला मिळते ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा फार तर हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या हौशी ग्रुपने नाट्यगीतांच्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या तारखेला सभागृह मिळवले तर. बाकी सगळ्यासाठी पुणे, मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते. याच दौऱ्यातला बंगळूरचा कार्यक्रम २३ तारखेला, म्हणजे शुक्रवारी असल्यामुळे मुलीच्या कॉलेजपायी तो आम्ही विचारात घेतला नाही.

महालक्ष्मीचे मैदान मला अगदीच अपरिचित नाही. १७ मे २०२५ रोजी गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम तिथेच झाला, तेव्हा मी गेले होते. मे महिन्यातली मुंबईची दमट हवा आणि पायांखाली सपाट मैदान, त्यामुळे माझ्यासारख्या पाच फूट उंचीच्या बाईला मंचापेक्षा पुढच्यांच्या पाठीच अधिक दिसल्या. मी बरीच मागे उभी होते. पडद्यावर ड्रमरची काठी आधी खाली येताना दिसे आणि ठोका मागाहून कानांवर पडे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे उभे राहिले की जवळपास एक तृतीयांश सेकंदाचा फरक पडतो, हे शाळेत शिकलेले गणित तिथे डोळ्यांना दिसले. (आमच्या भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मावशी, तू गाणी ऐकायला गेली होतीस की प्रॅक्टिकलला?") त्या वेळी माझ्या भावाचे बिऱ्हाड परळला होते, त्यामुळे रात्रीची काळजी नव्हती. आता त्याची बदली झाली आहे.

भाच्याचे म्हणणे असे की कार्यक्रम संपताच धावत निघून त्याच रात्रीची सिद्धेश्वर पकडावी, कारण मुक्कामाचा खर्च वाचतो. मला ते पटत नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यामुळे मुख्य बँडचा शेवट साधारणपणे दहाच्या अगदी तोंडावर होतो. आणि सिद्धेश्वर मुंबईहून साडेदहानंतर लगेच सुटून थोड्याच वेळात दादरला येते. हजारो लोक एकाच वेळी फाटकांकडे निघालेले असताना हे जमेल काय? दुसरे असे की, कल्याणहून गाडीत बसायचे ठरवले तर थोडा वेळ हाती राहतो, पण तो पुरेसा आहे का, हे अनुभव असलेल्यांनीच सांगावे. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्याने मुक्काम केला तरी कोणाचे काही बुडत नाही. मुलगी पहिल्यांदाच अशा ठिकाणी येत आहे, म्हणून तिच्या दृष्टीने आणखी काही सांगण्यासारखे असेल तर तेही लिहावे.

प्रतिसाद : नेरुळचा सोलापुरी

ताई, आपलेच म्हणणे बरोबर आहे. भाच्याला सांगा की दादरहून सिद्धेश्वर पकडायची असेल तर शेवटची तीन-चार गाणी सोडून निघावे लागेल, आणि लोक तिथे येतात ते मुख्यतः त्याच गाण्यांसाठी. महालक्ष्मी स्थानक नकाशावर जवळ दिसते. प्रत्यक्षात मैदानाच्या फाटकापर्यंत पोहोचण्यातच अर्धा तास सहज जातो, आणि स्थानकाच्या जिन्यावरची गर्दी पाहून मुलगी घाबरेल. कल्याणचा हिशेब कागदावर जुळतो, कारण गाडी तिथे साडेअकराच्या पुढे येते. परंतु महालक्ष्मीहून दादर, तिथे मध्य रेल्वेच्या फलाटावर जाणे आणि मग जलद लोकलने कल्याण, यात एखादी लोकल जरी चुकली तरी गाडी हातची गेली. तरीही हा मार्ग घ्यायचा असेल तर आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक कल्याण घालावे, नाही तर दादरलाच तुम्ही न आल्याचे धरून बर्थ दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

मी स्वतः जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले बँडच्या कार्यक्रमाच्या वेळी डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतो. सोलापूरकरांच्या दृष्टीने ते मैदान फार सोयीचे, कारण ते सायन-पनवेल महामार्गालगतच आहे. कार्यक्रम संपल्यावर चालत नेरुळच्या एलपी थांब्यावर यायचे आणि मुंबईहून येणारी सोलापूरची ट्रॅव्हल्स पकडायची. माझा मेव्हणा त्या रात्री तसाच गावी गेला आणि सकाळी चहाला घरी होता. स्टेडियमच्या चढत्या आसनांमुळे उंचीचा प्रश्नही येत नाही. महालक्ष्मीहून मात्र हा मार्ग सुचवणार नाही, कारण रात्री तिथून सायन किंवा वाशी गाठणे हेच एक काम आहे.

माझा सल्ला असा की दादर किंवा परळ भागात एक खोली घ्यावी आणि सोमवारी दुपारी चारनंतर सुटणारी वंदे भारत धरावी. रात्री अकराच्या आत सोलापूर. सकाळी लवकर निघायचे असेल तर आठच्या सुमारास उद्यान एक्सप्रेस आहे. दोन्हींच्या वेळा आरक्षणाच्या वेळी पुन्हा पाहून घ्याव्यात. रविवारी दिवसा मेगाब्लॉक असू शकतो, त्यामुळे दादरहून मैदानाकडे दुपारी निघण्याआधी त्याची घोषणा वाचावी.

प्रतिसाद : जुनी कॅसेट

परतीचा प्रश्न वर सुटलेलाच आहे, म्हणून मी फक्त मुलीबद्दल लिहितो. तिला कानात घालायचे फोमचे बोळे अवश्य द्या. ते औषधांच्या दुकानातही मिळतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेत वापरला जाणारा दंडक असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. रॉकच्या मंचासमोर १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नव्हे. लिंकिन पार्कचा कार्यक्रम दीड-दोन तासांचा धरला तरी हिशेब कुठल्या कुठे जातो. बोळे घातल्याने मजा जाते असे तरुण मंडळी म्हणतात. पण बोळा नीट, म्हणजे बोटांनी दाबून बारीक करून आत सोडला आणि फुगेपर्यंत धरला, तर गाणे ऐकू येतेच, फक्त त्याची धार कमी होते.

उभे राहायला जागा निवडायची तर साऊंड कन्सोलच्या तंबूच्या जरा पुढे किंवा बाजूला निवडावी. ज्या माणसाच्या हातात आवाज आहे तो तिथेच बसून ऐकत असतो, त्यामुळे आवाजाचा समतोल तिथे सर्वांत चांगला असतो. शिवाय तंबूच्या कठड्यामुळे मागून रेटा येत नाही. अगदी पुढच्या कठड्याजवळ तिला नेऊ नये. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत वाढलेल्या मुलीला गर्दी नवी नसेल, परंतु यात्रेतली गर्दी सरकत असते आणि इथली एकाच दिशेने दाटत जाते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. भाच्याने "शेवटची गाणी सोडावी लागतील" हे वाचून लगेच माघार घेतली, त्यामुळे मुक्काम निश्चित झाला. आज रात्रीच वंदे भारतची तीन तिकिटे पाहते. भाचा पुण्याला उतरेल.

आता एक छोटी शंका उरली आहे. मुलीच्या एका मैत्रिणीला अजून तिकीट मिळालेले नाही आणि समाजमाध्यमावर कोणी अनोळखी माणूस मूळ किमतीपेक्षा थोडे अधिक घेऊन तिकीट देतो म्हणत आहे. यात धोका आहे असे मला वाटते, परंतु तिच्या आईवडिलांना नेमके कारण सांगता येत नाही.

प्रतिसाद : नेरुळचा सोलापुरी

कारण सरळ आहे. तिकीट म्हणजे एक क्यूआर कोड, आणि त्याचे छायाचित्र तो माणूस दहा जणांना विकू शकतो. फाटकावर जो पहिला पोहोचेल त्याचा कोड चालतो, उरलेल्या नऊ जणांना बाहेरूनच ऐकावे लागते. ज्या ॲपवरून तिकीट निघाले त्याच ॲपमधून ते तिच्या खात्यात वर्ग करण्याची सोय असेल आणि तो माणूस तसे करायला तयार असेल तरच पुढे बोलावे. तो नुसता स्क्रीनशॉट पाठवतो म्हणत असेल तर पैसे देऊ नयेत.

आणखी एक, ताई: गर्दीत मोबाईलचे नेटवर्क हमखास कोलमडते. तुमची तिन्ही तिकिटे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, परतीच्या लोकलचे तिकीट दिवसा काढून घ्या आणि चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आत शिरताच मुलीला दाखवून ठेवा. पॉवर बँक आणि मोठी बॅग आत नेऊ देतात की नाही, हे आयोजकांच्या सूचनांमध्ये पाहून मगच सामान बांधा. खोलीवर ठेवून येण्याइतका वेळ तुमच्याकडे आहे.