प्रतिमातंत्राला निरीक्षणाची जोड हवी

मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत (कोलोनोस्कोपी) नव्या प्रतिमातंत्राची दुर्बीण वापरली की पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या गाठी, सुटत नाहीत, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालतो. नॅरो बँड इमेजिंग या अशाच एका प्रतिमातंत्रात ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेत असल्याने अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या गडद दिसतात आणि अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप, तपकिरी होऊन उठून दिसतो. मात्र आतडे नीट साफ नसेल, तर याच प्रकाशात उरलेला मळ लालसर दिसून चित्र बिघडते.

खरी अडचण आहे ती मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या सपाट, सेरेटेड (दातेरी रचनेच्या) पॉलिपची. त्यांचा रंग अस्तरासारखाच फिकट, कडा अस्पष्ट, आणि वर बहुधा श्लेष्माचा थर, जो पाण्याने धुतल्याशिवाय खालचे काहीच कळत नाही. तेथे इंडिगो कार्मिनची फवारणी उपयोगी पडते, कारण हा निळा रंग खाचांमध्ये साचून कडा स्पष्ट करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट आखते हे खरे. परंतु आतड्याच्या घडीमागचा भाग कॅमेऱ्यासमोर आलाच नाही, तर तीही हतबल ठरते. म्हणून दुर्बीण बाहेर घेताना किमान ६ मिनिटे, शक्यतो त्याहून अधिक, प्रत्येक घडी उलगडून पाहण्यास द्यावीत आणि उजवी बाजू दुसऱ्यांदा तपासावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.