एल्कच्या शिकारीला आउटफिटर निवडताना शिंगांचे फोटो राहू द्या, घोड्यांच्या पाठी बघा

उत्तरा_मिझुला:
परवा डेन्व्हरचा_दादा यांनी "पहिल्या एल्क हंटसाठी आउटफिटर कसा गाठावा" असा लेख टाकला. (एल्क म्हणजे अमेरिकेतलं मोठं हरीण; आउटफिटर म्हणजे घोडे, तंबू, गाईड पुरवून शिकारीला नेणारा धंदेवाला.) त्याचं सार एवढंच: वेबसाइटवर सक्सेस रेट (किती गिऱ्हाइकांना एल्क मिळाला) बघा, शिंगांचे फोटो बघा, आणि एकाचा भाव दुसऱ्याला सांगून दर पाडून घ्या. शेवटी एक वाक्य होतं, "घोडे ही त्याची डोकेदुखी, आपण कशाला बघायचं?" त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. तिथे चार ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

मोंटानातलं बॉब मार्शल विल्डरनेस, म्हणजे कायद्याने रानच राखलेलं फेडरल जंगल, दहा लाख एकरांहून मोठं आहे. १९६४ च्या कायद्यामुळे तिथे गाडी सोडाच, सायकलही चालत नाही. कॅम्प कधीकधी वीस-वीस मैल आत असतो. तुम्ही, तुमची रायफल, तंबू, शेगडी, घोड्यांचा दाणा, आणि एल्क मिळाला तर हाडं काढूनही शंभर किलोच्या आसपास मांस, हे सगळं जनावरांच्या पाठीवरून जातं-येतं. तुमचा पाय मोडला तर तुम्हीही त्याच पाठीवरून बाहेर येणार. मग ती पाठ बघायची नाही तर काय बघायचं?

मी खोगीर चढवायच्या आधी घोडा बघायला मागते. मानेच्या मुळाशी, खोगिराचा पुढचा भाग टेकतो तिथे, गडद रंगाच्या घोड्यावर रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसतात. खोगीर लागून कातडी दुखावली की तिथे पुढे पांढरेच केस उगवतात. एखाद्याच घोड्यावर असतील तर तो विकत घेतानाच तसा आला असेल. बांधलेल्या निम्म्या घोड्यांवर असतील तर त्या पागेत कुणी पाठी बघत नाही. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी हाताने दाबत जायचं. दुखत असेल तर घोडा पाठ खाली सोडतो, कान मागे टाकतो. पाय उचलून नाल बघायची, सैल आहे का, खिळे वर आलेत का. आणि सामान लादताना थांबायचं. चांगला पॅकर, म्हणजे सामान लादणारा, दोन्ही बाजूंची पॅनियर (लादायच्या पेट्या) लटकत्या काट्याला लावून सारखी करतो. अंदाजाने टाकणाऱ्याकडे खेचराची पाठ सोलवटते आणि अर्ध्या वाटेत ओझं एका बाजूला कलंडतं.

कागदपत्रं अर्थातच. मोंटाना, आयडाहो, वायोमिंग तिन्हीकडे आउटफिटरांचं राज्य बोर्ड आहे, तिथे लायसन्स तपासा. नॅशनल फॉरेस्टमध्ये धंदा करायला फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिटही लागतं. त्यांच्या ज्या रेंजर डिस्ट्रिक्टमध्ये (स्थानिक कार्यालयाच्या हद्दीत) जाणार तिथे फोन करून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही.

डेन्व्हरचा_दादा:
ताई, माझं एक वाक्य उचलून एवढा मोठा धागा काढलात, आभार. पण आठ हजार डॉलर मी देणार आहे. त्यात वायोमिंगचं बाहेरच्यांसाठीचं एल्क लायसन्स धरलेलं नाही. साध्या ड्रॉमध्ये (लायसन्सच्या सोडतीत) ६९२, स्पेशलमध्ये १९५०. एवढे पैसे मोजणाऱ्याने सक्सेस रेट विचारू नये?

आणि मुळात मी आउटफिटर घेतो कशाला? वायोमिंगच्या विल्डरनेसमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला गाईडशिवाय एल्क मारता येत नाही म्हणून. त्याच जंगलात मी एकटा चालू शकतो, मासे धरू शकतो, तंबू ठोकू शकतो. फक्त एल्कसाठी हात धरणारा माणूस लागतो. जमीन फेडरल, कर माझाही, आणि कायदा आउटफिटरांच्या खिशासाठी. यावर कुणी बोलत नाही, सगळे घोड्यांच्या पाठी चोळत बसलेत.

बोईसीचा_बाळू:
दादा, अर्धवट सांगताय. तिथला रहिवासी मित्र असेल तर तो फुकट परवाना काढून तुम्हाला नेऊ शकतो. मोंटानात आणि आयडाहोत ही अटच नाही.

सक्सेस रेटबद्दल मात्र ताईंच्या बाजूने. जाहिरातीतले ८०-९० टक्के बहुतेक वेळा 'शॉट ऑपॉर्च्युनिटी'चे असतात. म्हणजे गिऱ्हाइकाला कधीतरी एल्क टप्प्यात दिसला. आडवा पडला किती जणांचा, तो आकडा वेगळा. शिवाय खाजगी रँचवरची शिकार आणि विल्डरनेसमधली शिकार एकाच टक्केवारीत घालतात. रेफरन्स मागाल तर मोकळ्या हाताने परतलेल्यांचे मागा. जो आउटफिटर असं एकही नाव देत नाही, त्याच्याकडे मी जात नाही.

माझा सल्ला ड्रॉप कॅम्पचा. घोड्यांवरून आत सोडतात, तंबू लावून देतात, ठरल्या दिवशी न्यायला येतात. खर्च निम्म्याच्या आत.

अवांतर, पण महत्त्वाचं: एच-वन-बीवर असाल तर नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. त्यातून सूट मिळवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. ते हातात येण्याआधी मित्राची रायफल घेऊन रेंजवर सरावाला गेलात तर ग्रीन कार्डाची वाट लागेल. आउटफिटर हे सांगत नाही, त्याला माहीतही नसतं.

उत्तरा_मिझुला:
बाळू, व्हिसाचं सांगितलंत ते फार बरं केलंत. ड्रॉप कॅम्पचं पहिल्या खेपेच्या माणसाला सांगू नका. चार मैलांवर दरीत एल्क पडला की तो कॅम्पपर्यंत आणायचा कुणी? सप्टेंबरच्या उन्हात मांस ताबडतोब सोलून, मोकळं करून सावलीत टांगावं लागतं. आणि वायोमिंगच्या विल्डरनेसमध्ये नुसता ड्रॉप कॅम्प दादांना चालणारच नाही, गाईड सोबत लागतो.

हिरवाई_नाशिक:
मला या धाग्याचाच त्रास होतोय. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, त्यासाठी लोकांनी आयुष्यं घातली. आणि इथे मराठीतून एल्क कसा मारावा याची चर्चा. घोड्याच्या पाठीवरच्या ठिपक्याचं दुःख आहे, एल्कचं नाही?

बोईसीचा_बाळू:
भावना समजते. पण १९०० च्या सुमाराला अमेरिकेत एल्क लाखाच्या आत उरले होते, आज दहा लाखांच्या घरात आहेत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. लायसन्सचा पैसाही तिथेच. हे एल्क शिकाऱ्यांच्या पैशावर वाढलेत.

हिरवाई_नाशिक:
कराचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. कर भरल्याने मारणं योग्य ठरतं हे मान्य नाही. घोड्यांबद्दल उत्तराताई लिहितात त्याला माझा पाठिंबा.

माथेरानी:
घोड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचे घोडे दस्तुरी नाक्यावर उभे असायचे. खरारा, तोबरा, तंग आवळणं, यातच वाढलो. उत्तराताईंनी सगळं लिहिलं पण मूळ गोष्ट राहिली, बसणाऱ्याचं वजन.

पाचशे किलोच्या घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको, हा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे शंभर किलो. त्यातून वेस्टर्न खोगीर सोळा-अठरा किलो, रायफल, पिशव्या, जाड कपडे, बूट. बसणारा ऐंशीच्या आत हवा. आपले लोक शंभर-एकशेदहा किलोचे, ऑफिसात बसून बसून झालेले, आणि चौकशी शिंगांची करतात. माथेरानला शनिवारी असं गिऱ्हाईक आलं की वडील नाही म्हणायचे, शेजारचा घोडेवाला घेऊन जायचा. संध्याकाळी त्याच्या घोड्याची पाठ मी हळद लावताना बघितली आहे.

टेक्सासकर:
हा टोमणा कुणाला? मी ११८ किलोचा आहे. मागच्या वेळी एका आउटफिटरने पार्किंगमध्ये सगळ्या पार्टीसमोर मला काट्यावर उभं केलं. बायको, मेहुणा, अनोळखी चार माणसं बघताहेत. पैसे महिनोन्‌महिने आधी घेतले, तेव्हा वजन विचारलं नव्हतं. तो अपमान मी विसरलेलो नाही. आणि माथेरानच्या तट्टांचा हिशोब रॉकीजमध्ये लावू नका. इथले घोडे वेगळे.

माथेरानी:
तट्टू म्हणायचं काम नाही. त्या जनावरांनी आमची शिक्षणं केली. सिलिंडर, सिमेंट, रेशन, सगळं त्यांच्या पाठीवरून वर गेलंय. तुमचा अपमान झाला त्याचं वाईट वाटतं, पण तो काट्याने केला नाही.

टेक्सासकर:
म्हणजे मीच केला? वा. जाड माणसाने पर्वतात जाऊच नये असं सरळ लिहा ना.

डेन्व्हरचा_दादा:
मूळ प्रश्न आउटफिटरचा होता. आता वजनाचाच धागा झाला.

उत्तरा_मिझुला:
दादा, हाच आउटफिटरचा प्रश्न आहे.

टेक्सासकर, तुमच्याशी तो माणूस चुकीचा वागला. वजन बुकिंगच्या फॉर्मवर, पैसे घेण्याआधी विचारायचं असतं. बरेच जण २४०-२५० पौंडांची मर्यादा लेखी देतात, म्हणजे ११३ किलोपर्यंत. जो विचारतच नाही तो घोड्याचीही काळजी करत नाही आणि तुमचीही. पण काट्यावर उभं करणं हा गुन्हा नाही. उतरणीला खोगीर पुढे सरकतं, सगळा भार त्या मानेच्या मुळाशी येतो, तेव्हा वीस किलोंचा फरक फार मोठा असतो.

माथेरानी, तुमचा पाचव्या हिश्श्याचा हिशोब बरोबर, पण घोडा पाचशे किलोचाच का धरता? इथे पर्शरॉन या जड ओढकाम करणाऱ्या जातीचा संकर असलेले साडेसहाशे-सातशे किलोचे घोडे असतात. त्यांच्यावर जड माणूस बसू शकतो. आउटफिटरला विचारायचं, "माझं वजन एवढं, मला कुठला घोडा देणार?" त्याने त्या घोड्याचं नाव, वय, उंची लगेच सांगितली तर माणूस आपल्या पागेला ओळखतो. "मिळेल एखादा" म्हणाला तर फोन ठेवा. आणि कितीही वजन असो, तीव्र उतारावर खाली उतरून चालायचं. जो गाईड पाहुण्यांना उतरायला सांगायला लाजतो, तो गाईड नको.

माथेरानी:
एवढ्या मोठ्या घोड्यांचा अनुभव मला नाही, तेव्हा त्याबद्दल ऐकतो. उतारावर खाली उतरायचं, ते मात्र आमचे वडीलही सांगायचे.

टेक्सासकर:
ठीक आहे. पुढच्या खेपेला वजन मीच आधी लिहून पाठवीन, खोगीर-बुटांसकट. पण काटा आडोशाला ठेवा, एवढं आउटफिटरांना कुणीतरी सांगा.

डेन्व्हरचा_दादा:
चला, घोडे बघेन. वायोमिंगचा कायदा अन्यायाचा आहे, यावर मी ठाम आहे. आता मला कुणी कामाचं सांगेल का? दोन आउटफिटर राहिलेत. एक स्वस्त, दोन शिकाऱ्यांमागे एक गाईड. दुसरा दीड हजाराने महाग, एकास एक. दोघांचं लायसन्स आहे. फोटो पहिल्याचे भारी.

उत्तरा_मिझुला:
तुमचा भाग अस्वलांचा आहे. २०१८ मध्ये टीटन विल्डरनेसमध्ये एक गाईड आणि त्याचा पाहुणा आदल्या दिवशी बाण लागलेला एल्क आणायला गेले आणि ग्रिझलीने त्या गाईडचा जीव घेतला. म्हणून दोघांनाही एकच विचारा: एल्क संध्याकाळी पडला तर तो आणायला किती माणसं जातात, त्यांतला एक जण अस्वलावर डोळा ठेवून उभा राहतो का, बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) कुठे असतो? स्प्रे खोगिराच्या पिशवीत ठेवणाऱ्याकडे जाऊ नका, तो अंगावरच हवा. दोघांत एक गाईड असेल तर तो एल्कच्या कामात गुंतल्यावर दुसऱ्या शिकाऱ्याचं काय, तेही विचारा. जंगलात त्याला एकटं सोडत असतील तर गाईड सोबत असण्याचा कायदाही मोडतात.

जाऊन घोडे बघता येत नसतील तर फोटो मागवा, खोगिराशिवायचे, दोन्ही बाजूंनी. आणि मागच्या मोसमात एल्क न मिळालेल्या दोघांचे फोन नंबर. डिपॉझिट भरायच्या आधी रेंजर डिस्ट्रिक्टला सोमवारी फोन करा.

डेन्व्हरचा_दादा:
महागवाल्याने फोटो तासाभरात पाठवले, घोड्यांच्या नावांसकट. स्वस्तवाला म्हणतो, "असं आजवर कुणी मागितलं नाही." सोमवारी फोन करतो.