मिठाच्या पाण्यात ॲनोडवर ऑक्सिजन काहून येत नाही?

संत्रानगरी_बारावी
बारावी, नागपूर. मिठाच्या पाण्यात वीज सोडून इलेक्ट्रॉलिसिस केलं तर ॲनोडवर (धन टोकावर) काय सुटतं, हा प्रश्न. इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या तक्त्यात पाण्याचं ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन काढून घेणं) 1.23 व्होल्टला, क्लोराइडचं 1.36 ला. म्हणजे आधी पाण्याचा नंबर लागून ऑक्सिजन यायला हवा. उत्तरात मात्र क्लोरीन. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) द्रावणात हाच तक्ता बरोबर चालतो. मग नियम आहे की नुसतं पाठ करायचं?

धंतोलीकर
नियम आहे. आधी भांड्यात कोण कोण आहे ते लिही, पाणी धरून. निम्म्या चुका पाणी विसरल्यानंच होतात.

कॅथोड (ऋण टोक) सोपा: रिडक्शन पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, जास्त त्याचा नंबर आधी. कॉपर 0.34, उदासीन पाणी उणे 0.41, सोडियम उणे 2.71. म्हणून मोरचुदातून तांबं आणि मिठातून हायड्रोजन. झिंक उणे 0.76 असूनही बसतं, कारण झिंकच्या पृष्ठभागावर हायड्रोजन फार सावकाश सुटतो.

खरी गोम ॲनोडवर. 1.23 हा आकडा आम्लातला. उदासीन पाण्यात तो 0.82 होतो, म्हणजे तुझी शंका आणखीच पक्की! पण तक्ता वेग सांगत नाही. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढून नवा बंध जोडावा लागतो. ग्रॅफाइटवर हे काम रखडतं, जास्तीचा व्होल्टेज मागतं. तेच ओव्हरपोटेन्शियल. क्लोरीनचं दोन इलेक्ट्रॉनांत भागतं, शिवाय संपृक्त द्रावणात क्लोराइडची गर्दी असते. मीठ अगदी चिमूटभर टाकलंस तर ऑक्सिजनच जास्त येईल. मोरचुदाच्या सल्फेटचं ऑक्सिडेशन करायला साधारण 2 व्होल्ट लागतात, म्हणून तिथं पाणीच तुटतं.

बीकरवाला
करून बघणार असाल तर: 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 25 ग्रॅम मीठ, पेन्सिलीची दोन जाड शिसं (ग्रॅफाइटचीच), 9 व्होल्टची बॅटरी. कॅथोडपाशी हायड्रॉक्साइड तयार होऊन फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली दाखवणारा दर्शक) गुलाबी होतं, ॲनोडपाशी ओला निळा लिटमस आधी लाल, मग पांढरा. ढवळू नका, क्लोरीन आणि हायड्रॉक्साइड मिसळले की हायपोक्लोराइट होतं आणि वायू दिसेनासा होतो. गच्चीवर करा, दोन-तीन मिनिटं पुरे, नाक जवळ नेऊ नका.

ॲनोडला स्टीलचा चमचा लावू नका, तो स्वतःच विरघळतो आणि द्रावणात मातकट गाळ होतो. पाणी बोअरचं असेल तर कॅथोडवर कूलरच्या पॅडवर बसतो तसा पांढरा थर येतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, सोडियम नव्हे भाऊ.

संत्रानगरी_बारावी
मग मोरचुदाचा निळा रंग शेवटी जातो की राहतो?

धंतोलीकर
इलेक्ट्रोडवर आहे. तांब्याचा ॲनोड असेल तर जितकं तांबं कॅथोडवर बसतं तितकंच ॲनोडवरून विरघळतं, रंग टिकतो. ग्रॅफाइट असेल तर फिका होत जातो, द्रावण आम्लधर्मी होतं. 2 ग्रॅम मोरचुदात 0.51 ग्रॅम तांबं, 0.5 अँपिअरनं हिशेबाप्रमाणे 52 मिनिटं. प्रत्यक्षात थोडा जास्तच वेळ, कारण तांबं संपत आलं की कॅथोडवर हायड्रोजनचे बुडबुडे सुरू होतात.

बीकरवाला
पेपरात प्रश्नात इलेक्ट्रोड कोणता दिलाय ते आधी वाचा. पोटॅशियम आयोडाइड आलं तर ओव्हरपोटेन्शियलची भानगडच नाही: आयोडाइडचं ऑक्सिडेशन 0.54 व्होल्टलाच, म्हणून पाण्याच्या आधी आयोडीन सुटतं. ॲनोडभोवती तपकिरी, स्टार्च टाकला की निळं-काळं.