रेनोच्या शर्यतीतलं विमान खाली जायच्या आधी वर कामून गेलं?

अहमदपूरकर

अमेरिकेत नेवाडा राज्यात रेनो नावाचं शहर आहे. तिथल्या विमान शर्यतीत 16 सप्टेंबर 2011 ला ‘गॅलपिंग घोस्ट’ हे विमान प्रेक्षकांतच येऊन आदळलं. पायलट जिमी लीवर्ड आणि 10 प्रेक्षक गेले, 60 पेक्षा जास्त माणसं जखमी झाली. व्हिडिओ मी पाच-सहा वेळा पाहिला. विमान एकदम कलतं, वर उसळतं, पालथं होतं आणि मग नाक खाली करून येतं.

माझा चुलतभाऊ म्हणतो, 74 वर्षांचा माणूस, हार्ट अटॅक आला असेल. मला पटत नाही. माणूस बेशुद्ध पडला तर विमान हळूहळू खाली जाईल, असं उसळेल कामून? मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा.

रेणापूर गॅरेज

बाळा, तुझी शंका बरोबर आहे. त्या माणसाच्या वयावर खापर फोडू नका. मी तीस वर्षं ट्रॅक्टर आणि हडंबे (मळणी यंत्रं) दुरुस्त करतोय. या अपघाताची हकीकत वाचली आणि दोन रात्री झोप लागली नाही, कारण सगळं येऊन थांबतं ते नटावर.

ते विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं पी-51 मस्टँग. मूळ मस्टँग सरळ उडताना ताशी 700 किलोमीटरच्या आसपास जायचं. याला शर्यतीसाठी कापून-छाटून हलकं केलेलं होतं. पंखांची लांबी 37 फुटांवरून 29 फुटांच्या आसपास आणली, पोटाखालचा रेडिएटरचा फुगवटा काढून टाकला. अपघाताच्या वेळी वेग होता ताशी 820 किलोमीटरच्या घरात.

आता तुझा मुद्दा. मस्टँग इतक्या वेगात पळतं तेव्हा त्याचं नाक आपोआप वर उठू बघतं. ते दाबून धरायला शेपटीच्या आडव्या पंखाला मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, तिला ट्रिम टॅब म्हणतात. मूळ विमानात दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हलायच्या. याच्यात उजवी कायमची पक्की करून टाकली होती, म्हणजे सगळा भार डाव्या एकटीवर. ती तुटली आणि नाक दाबून धरणारं काही उरलं नाही. म्हणून विमान वर गेलं.

तुटली कशी, ते पत्र्यावरून समजून घे. अवकाळीच्या वाऱ्यात गोठ्याचा पत्रा कसा जातो, बघितलंय ना? जे-हुक घट्ट असला तर पत्रा गप बसतो. एक हुक ढिला झाला की आधी नुसता थरथरतो, मग फडफडायला लागतो, आणि एकदा फडफड धरली की वारा तेवढाच असला तरी दर झटक्याला जोर वाढत जातो. मग शेजारचे हुक भोकासकट उपटून पत्रा दुसऱ्याच्या वावरात. विमानातल्या या फडफडीला फ्लटर म्हणतात.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 2012 मध्ये निकाल दिला तो हाच. त्या पट्टीचे स्क्रू ज्या नटांत बसवले होते ते आपल्या नायलॉक नटासारखे, आत पकड धरणारी कडी असलेले. कड्या झिजून गेल्या होत्या, स्क्रू ढिले पडले, एका स्क्रूला तर आधीपासूनच चीर गेलेली होती. नटांच्या आत जुन्या रंगकामाचा पिवळा रंग सापडला. त्यावरून मंडळानं हिशोब लावला की ते नट निदान 26 वर्षांचे असावेत.

26 वर्षं! एवढं महागाचं विमान, एवढं इंजिन, आणि नट जुनेच.

मी बोलतोय ते उगीच नाही. एका सोयाबीनच्या सुगीत माझ्याकडे हडंबा आला होता. ड्रमची पाती बदलली. नवे नायलॉक संपले होते, शेतकरी घाई करत होता, मी निघालेलेच नट परत बसवले. तिसऱ्या दिवशी खळ्यावर पातं सुटून पत्रा फाडून बाहेर आलं आणि एका गड्याच्या नडगीत घुसलं. माणूस वाचला, पण अजून लंगडत चालतो. बाजारात दिसला की मी थांबून बोलतो. त्यानं मला कधी बोल लावला नाही, म्हणून जास्त लागतं.

परभणीकर (हवाई दलातून निवृत्त)

रेणापूरच्या भाऊंनी कारण अचूक सांगितलं. मी फक्त पायलटचं काय झालं ते सांगतो.

पट्टी निकामी झाल्यावर एका सेकंदाच्या आत 17.3 जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या 17.3 पट, इतका भार आला. 75 किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी जवळपास 13 क्विंटल. आडतीवर 50 किलोचे 26 कट्टे अंगावर रचावेत तसं. लढाऊ विमानाचा पायलट 9 जी सोसतो, पण त्याला आधी ठाऊक असतं, तो पोट आणि पाय आवळून तयार असतो, अंगात जी-सूट, म्हणजे पाय-पोट आवळून रक्त खाली उतरू न देणारा पोशाख, असतो. लीवर्डना ती सवड मिळालीच नाही. डोक्यातलं रक्त खाली उतरलं की शुद्ध जाते. फोटो बघा, काचेच्या आत पायलटचं डोकं दिसत नाही आणि त्या भारानं शेपटीचं चाक बाहेर आलेलं आहे. पंचविशीतला जवान असता तरी हेच झालं असतं.

याच रेनोत 1998 मध्ये ‘वूडू’ नावाच्या मस्टँगचीही डावी ट्रिम टॅब तुटली होती. तेही असंच वर उसळलं, पायलट बॉब हॅना बेशुद्ध झाले. शुद्धीवर आले तेव्हा विमान 9,000 फुटांच्या आसपास होतं, म्हणून सुखरूप उतरू शकले. तेरा वर्षं आधी निसर्गानं दाखवून दिलं होतं.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. विमानात केलेल्या बदलांची पुरेशी नोंद नव्हती, त्यांची नीट चाचणीही झालेली नव्हती. मालक आणि पायलट एकच. गेलेल्या माणसाबद्दल आदर ठेवूनच म्हणतो, पण बॉक्सच्या खुर्च्यांत बसलेल्या त्या दहा जणांनी काय केलं होतं? पुढे मंडळानं बदल केलेल्या विमानांची आधी उडवून परीक्षा घ्या, पायलटांना जी-चं प्रशिक्षण द्या, जी-सूटचा विचार करा, असं सुचवलं.

अहमदपूरकर

काका, दोघांचेही आभार. एक विचारू? आमच्या घरीही हडंबा आहे. नायलॉक खराब झालाय हे ओळखायचं कसं?

रेणापूर गॅरेज

नट काढून नुसत्या बोटांनी परत फिरव. चांगला असेल तर नायलॉनपाशी अडतो, पुढे पानाच लावावा लागतो. बोटांनीच शेवटपर्यंत गेला तर फेकून दे, आटे कितीही चांगले दिसू देत. खरं तर एकदा काढलेला परत लावूच नये.

अहमदपूरकर

काका, आत्ताच ड्रमचे आठ बघितले. तीन बोटांनीच फिरले. उद्या सकाळी शेजाऱ्याचं सोयाबीन काढायचं ठरलंय.

रेणापूर गॅरेज

उद्या मशीन लावू नका. शेजाऱ्याला आत्ताच फोन कर. सकाळी आठला गॅरेज उघडतो, जुना एक नट मापाला घेऊन ये, आठही नवे देतो.