चिप थंड म्हणजे चिप सेफ? ३६०च्या एआयओवाल्यांना उत्तर

तप्तनागपुरी:
काल इथे एका महाशयांनी नवख्या पोराला सल्ला दिला: 'इंटेलचा १४९००के प्रोसेसर घे, ३६०चा एआयओ (३६० मिमी रेडिएटरचा, पाण्याने थंड करणारा तयार कूलर) लाव, बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) सगळ्या पॉवर लिमिट काढ, व्होल्टेज १.४वर लॉक कर. तापमान ८०च्या आत असलं की चिप सेफ.' वर लाइकचा पाऊस. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

कूलर उष्णता नेतो, व्होल्टेज नाही. २०२४ विसरलात? इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत मायक्रोकोडच (चिपच्या आतला प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, अगदी हलक्या कामातसुद्धा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पॅच आले, वॉरंटी ३ची ५ वर्षं झाली, पण झिजलेली चिप पॅचने बरी होत नाही. तुमचा ३६० तिथे काय करणार होता?

शिवाय उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२०चे १.३५ केलेत की त्याच क्लॉकला (चिपच्या वेगाला) साधारण २७ टक्के जास्त. त्यात रिव्ह्यूवाला २२ अंशांच्या खोलीत ७८ दाखवतो, म्हणजे खोलीपेक्षा ५६ वर. मे महिन्यात आमची खोली ३९. करा बेरीज. पाणी असो की हवा, खोलीच्या खाली कोणीच जात नाही.

रेडिएटरराव:
ते महाशय मीच. नाव घ्यायची हिंमत नव्हती का? माझी चिप आजही १.४वर धावतेय. तुमच्या २७ टक्क्यांपेक्षा माझा पीसी मला जास्त कळतो.

सेलेरॉन३००ए:
काय हा भित्रेपणा! १९९८चा सेलेरॉन ३००ए, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला. बी२१ पिनवर चिकटपट्टी, ६६ मेगाहर्ट्झची बस (चिप आणि बोर्डामधला डेटाचा रस्ता) १००वर, ३००चा थेट ४५०. वर काडेपेटीएवढा पंखा. सगळं कॉलेज त्यावर निघालं. तुमचं लेक्चर वाचून आजची पोरं बायोस उघडायलाच घाबरतील.

तप्तनागपुरी:
काका, तेव्हा कंपन्या चिपमध्ये भरपूर वाव सोडायच्या. आता टर्बो (चिपने आपणहून क्लॉक वाढवणं) कारखान्यातच शेवटचा थेंब पिळून देतो. १४९००के मुळातच २५३ वॅट ओढतो, त्याच्या पुढे हातात उरतं काय?

उणेवीस:
म्हणूनच उलट जायचं. एएमडीचा रायझन असेल तर पीबीओ (बायोसमधली क्लॉक-पॉवरची सेटिंग) चालू, कर्व्ह ऑप्टिमायझर उणे (म्हणजे व्होल्टेज कमी), पीपीटी (एकूण वॅटची मर्यादा) कमी. ७९५०एक्सला २३० वॅटऐवजी १४०च्या आसपास बांधा, रेंडरमध्ये फरक फारसा जाणवत नाही आणि मध्यम किमतीचा दोन पंख्यांचा हवेचा कूलर पुरतो. आणि ९५ अंश दिसले की किंचाळू नका, ती चिप ९५पर्यंत जायलाच बनवली आहे. एक मात्र सांगतो, तासभर प्राइम९५ (चिपवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चाललं म्हणजे चिप स्टेबल झाली असं नाही. उणे कर्व्हवाली चिप लोडखाली शहाण्यासारखी वागते आणि तुम्ही चहाला उठलात की रीस्टार्ट होते. एकेक कोर वेगळा तपासा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एरर बघा.

कोथरूडचा_कीबोर्ड:
एवढं गणित कशाला? खोलीत दीड टनाचा एसी लावा, विषय संपला.

वऱ्हाडी_वॅट:
बिल तू भरतं काय भाऊ? आमच्याकडे खिडकीत कूलर, वाळ्याच्या ताट्या, बाहेर ४५ असले तरी खोली मस्त उतरते. पीसी त्याच्यापुढेच ठेवला आहे. तुमच्या एआयओपेक्षा स्वस्त.

कोकणी_किडा:
कूलरपुढे पीसी?? बोर्डावर पाणी धरेल. आमच्याकडे नुसत्या पावसाळी हवेने मदरबोर्डाचे कनेक्टर हिरवे पडले.

उणेवीस:
पाणी धरत नाही हो. दव धरायला वस्तू हवेपेक्षा थंड लागते. चालू पीसीतली प्रत्येक गोष्ट खोलीपेक्षा गरम. तुमचं हिरवं खाऱ्या हवेमुळे, आणि पीसी महिनोन्‌महिने बंद ठेवल्यामुळे.

कोकणी_किडा:
माझ्या घरी येऊन बघितलंत वाटतं, किती महिने बंद होता ते! पुस्तकी उत्तरं नकोत, मी बोर्ड फेकलाय.

तप्तनागपुरी:
वऱ्हाडी, दवाचं सोड, पण झोतात ठेवू नको. बोअरचं पाणी असेल तर शिंतोड्यांबरोबर क्षार येतात, पांढरी पुटं चढतात. त्यात ताटीची कुसळं. आमच्या शेजाऱ्याच्या हीटसिंकमधून मी वाळ्याची पेंढी काढली आहे.

वऱ्हाडी_वॅट:
तर काय उन्हात ठेवू? कूलर खोलीसाठी आहे अन् मी खोलीतच राहतो, पीसी बी तिथंच राहील. तिरपा ठेवतो, जा.

कोथरूडचा_कीबोर्ड:
आणि एक्झॉस्ट नसेल तर कूलरने खोली नुसती दमट होते. समोरची खिडकी उघडी ठेवता का?

वऱ्हाडी_वॅट:
आता पुण्यातून आम्हाला कूलर शिकवा बाप्पा!! खिडकी उघडी ठेवाचं आमच्या आजीलेही माहीत होतं.

सेलेरॉन३००ए:
धागा सीपीयूचा होता ना?

रेडिएटरराव:
असू दे, मजा येतेय. बाकी तप्तनागपुरी, समाधानासाठी १.४चे १.२८ केले, क्लॉक १०० मेगाहर्ट्झ उतरवला. तापमान १४ अंशांनी पडलं. गेममध्ये फरक शून्य. यावरून तुम्ही बरोबर ठरत नाही, माझी चिप चांगली निघाली एवढंच.

तप्तनागपुरी:
ठरवा तसं. लिमिटही परत घाला, पॅचवालं बायोस टाकलंय का ते सांगा, आणि पंप रेडिएटरच्या वर तर नाही ना बसवला? वर असेल तर हवा पंपात जमते, मग तीही गुरगुर चिपच्याच नावावर खपवाल.

रेडिएटरराव:
पंप खाली आहे. बायोस जुनं आहे. रविवारी बघू.

कोकणी_किडा:
हिरव्या कनेक्टरचं अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.