मदत हवी आहे: चार टिपचा एक्झॉस्ट आणि मागचा व्हॅलन्स, वर बसतच नाहीये

लेस्टरचा_पक्या: लोकहो जरा अर्जंट आहे. चार टिपवाला (मागे नळीची चार तोंडं दिसणारा) बॅकबॉक्स म्हणजे मागचा सायलेन्सरचा डबा घेतला, सेकंडहँड पण ओरिजिनल, आणि दोन्ही बाजूंना कट असलेला मागचा व्हॅलन्स (बंपरखालची प्लास्टिकची पट्टी) पण आला. व्हॅलन्स एकदम टकाटक बसला पण बॅकबॉक्स काही केल्या वर जात नाही, मधेच अडकतो. रविवारी गाडीवाल्यांची मीट आहे आणि गाडी स्टँडवर लटकलीये. कोणी केलंय का हे? फोटो नंतर टाकतो.

तेलकट_हात: गाडी कुठली?

लेस्टरचा_पक्या: बीएमडब्ल्यू.

तेलकट_हात: अहो बीएमडब्ल्यू म्हणजे काय, झेड४ पण बीएमडब्ल्यू आणि एक्स५ पण. मॉडेल सांगा, साल, इंजिन, कूपे की सलून, बंपर साधा की एम स्पोर्ट, बॅकबॉक्स कुठल्या गाडीचा, आणि अडकतो म्हणजे कशाला अडकतो. पत्रिका बघून सांगू का?

शांतताप्रेमी: मुळात चार नळ्या हव्यात कशाला हा प्रश्न कोणी विचारणार आहे का? आमच्या गल्लीत रात्री बुलेटवाले फटाके फोडत जातात. पोलीस ते सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते योग्यच आहे.

लेस्टरचा_पक्या: काका मी इंग्लंडमधे आहे, बुलेट नाहीये माझ्याकडे. @तेलकट_हात ३ सिरीजची ई४६ कूपे, ३३०सीआय, २००३, एम स्पोर्ट बंपर. बॅकबॉक्स त्याच सिरीजच्या वेगवान एम३चाच, अजून कुठला असणार. डिक्कीच्या खाली तो गोल खड्डा असतो ना त्याला अडकतो.

तेलकट_हात: हे आधी सांगायचं ना राव. तो खड्डा म्हणजे स्टेपनीची जागा. ई४६ एम३ला स्टेपनीच नाही, खालचा पत्रा सपाट आहे, म्हणून तो आडवा मोठा डबा तिथे मावतो. तुझ्या ३३०ला सायलेन्सर फक्त डावीकडे आणि मधे स्टेपनीचा खड्डा, त्यामुळे कितीही जोर लाव तो वर जाणार नाही. शिवाय पुढच्या पाइपचा व्यास पण जुळणार नाही, अडॅप्टर करून वेल्ड करावं लागेल. रविवार विसर.

ग्राइंडर_भाऊ: एवढं काय घाबरवताय त्याला. खड्डा कापायचा, सपाट पत्रा वेल्ड करायचा, सीलर मारायचा, अंडरकोट मारायचा, विषय संपला. मी केलंय, डबा असा बसला की फॅक्टरीतून आल्यासारखा. स्टेपनीच्या जागी पंक्चर किट ठेवा, एम३वाले पण तेच करतात.

तेलकट_हात: आणि तू सांगतोयस ते किती पावसाळे झाले? इंग्लंडात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, कापलेल्या कडेला सीलर जरा कमी पडला की तिथूनच गंज सुरू. आणि डिक्कीचा फ्लोअर कापलाय हे इन्शुरन्सला सांगणार का? अपघात झाला की ते हेच शोधत बसतात.

ग्राइंडर_भाऊ: सांगायचं की. थोडा प्रीमियम वाढेल. ज्याला गंजाची भीती आहे त्याने वीस वर्षं जुनी गाडी घेऊच नये.

म्युनिकवाली_मावशी: जर्मनीत असता तर हा धागाच निघाला नसता. इथे एक्झॉस्टला मान्यतेचा कागद नसेल तर टीयूव्हीमधे (गाडीच्या सक्तीच्या तपासणीत) पास नाही, एम३चा डबा ३३०वर लावायचा तर वेगळी तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते. तुमच्याकडे एमओटीवाला (वार्षिक तपासणी करणारा) काय म्हणेल ते आधी विचारा, आवाज मूळ गाडीपेक्षा फार वाढला तर तो फेल करू शकतो. माझ्या नवऱ्याने हौसेने बदललेला एक्झॉस्ट परत मूळचा लावला, तेव्हापासून घरात शांतता आहे.

शांतताप्रेमी: बघा!

स्वस्त_आणि_मस्त: उजवीकडे दोन नुसत्या खोट्या टिपा चिकटव. मूळ सायलेन्सर तसाच. कोण वाकून बघतंय?

लेस्टरचा_पक्या: मीटला सगळे वाकूनच बघतात. खोट्या टिपा लावून गेलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

अण्णा_ऑइलवाले: एम३चे पार्ट लावताय तर एक लक्षात ठेवा, एम३च्या एस५४ इंजिनला १०डब्ल्यू-६० ऑइल लागतं, तुमच्या ३३०च्या एम५४ इंजिनला ते घालू नका, ५डब्ल्यू-३० घाला.

लेस्टरचा_पक्या: ऑइलचं कोणी विचारलंच नाहीये अण्णा.

तेलकट_हात: मधला मार्ग सांगतो. एम३चा डबा विकून टाक, त्याला गिऱ्हाईक मिळतं. स्टेनलेसचं काम करणारा चांगला फॅब्रिकेटर गाठ, डावीकडे सायलेन्सर आणि तिथून एक पाइप स्टेपनीचा खड्डा आणि बंपर यांच्या मधल्या फटीतून उजव्या टिपांकडे. जागा अगदी अरुंद आहे त्यामुळे पाइप कमी व्यासाचा किंवा चपटा करून न्यावा लागतो, आणि उजवीकडून आवाज थोडा कमीच येतो, ते मान्य करावं लागेल. महत्त्वाचं म्हणजे टिपा कधी जोडायच्या. व्हॅलन्स आणि बंपर पूर्ण स्क्रू मारून बसव, गाडी चाकांवर उभी कर, रबर हँगर चांगले असू देत, मग टिपांना वेल्डिंगचे नुसते टाके मार आणि गाडी गरम करून बघ. तापल्यावर पूर्ण पाइप मागे सरकतो, शिवाय इंजिन हलतं तसा हलतो. टिपेभोवती सगळीकडून बोटभर फट ठेव, नाहीतर व्हॅलन्सचं प्लास्टिक वितळून लोंबेल. आतल्या बाजूला अॅल्युमिनियमची हीट टेप लाव. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडव, ती डिक्कीतच उजवीकडे आहे.

ग्राइंडर_भाऊ: एवढ्या पैशात अजून एक खड्डा कापून होईल.

डिक्कीत_टॉर्च: वाद बाजूला ठेवा. गाडी वर आहेच तर मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) चारही माउंटिंग टॉर्च लावून बघ, अंडरकोट खरवडून. ई४६ला तिथला पत्रा चिरतो, ३३०ला पण आणि एम३ला पण. चीर असेल तर एक्झॉस्टचे पैसे तिकडे जातील.

लेस्टरचा_पक्या: आता काय बोलू. डाव्या मागच्या माउंटिंगजवळ एक रेघ दिसतेय. सीलरची आहे की पत्र्याची कळत नाहीये.

डिक्कीत_टॉर्च: वायर ब्रशने साफ कर, जवळून फोटो टाक. वेल्डिंग काहीच सुरू करू नकोस.

तेलकट_हात: आणि या वेळी फोटो खरंच टाक.

स्वस्त_आणि_मस्त: एम३चा डबा विकणार असशील तर किती घेणार? माझा भाऊ बर्मिंगहॅमला आहे, तो येऊन घेऊन जाईल.