काडीने पेटणारी एलईडीची पणती: काडी दूर नेली की विझते

डाव्या_बाहीतलं: पेटती काडी जवळ नेली की पणतीतला पिवळा एलईडी लागावा, काडी बाजूला केली तरी लागलेला राहावा आणि चिमटीत धरला की विझावा, असा प्रयोग आहे. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (कलेक्टर आणि बेस हे त्याचेच पाय), कलेक्टरला ४७० ओहम आणि ५ मिमीचा पारदर्शक एलईडी. प्लसपासून बेसला एलडीआर (उजेड वाढला की ज्याचा रोध उतरतो तो रेझिस्टर), बेस ते मायनस १० किलोओहम. ट्यूबलाइटखाली आपोआप लागायचा, म्हणून १० किलोच्या जागी २२० ओहम घातला. आता काडीने लागतो, पण काडी नेली की लगेच विझतो. एलडीआर एलईडीला खेटून, तोंड वर.

तांब्याची_तार: २२० बरोबर आहे, मांडणी चुकली. बेसला ०.६ व्होल्ट मिळाले की ट्रान्झिस्टर चालू होतो. म्हणजे ९ व्होल्टवर एलडीआर खालच्या रेझिस्टरच्या १४ पटीपर्यंत उतरला की काम झालं. १० किलोला ही हद्द १४० किलो, तेवढा तो तिन्हीसांजेलाही उतरतो. २२० ला साधारण ३ किलो, तेवढं उतरायला ज्योतच हवी.

पण काडी गेल्यावर एलईडीच्याच उजेडाने एलडीआर खाली राहिला पाहिजे. पारदर्शक एलईडी झोत सरळ छताकडे टाकतो आणि तुमचा एलडीआरही छताकडेच बघतोय! दुधी एलईडी घ्या, नाहीतर आहे तोच पॉलिश पेपरने घासून धुरकट करा. एलडीआर उभा करून तोंड एलईडीकडे, मध्ये १२ ते १५ मिमी जागा. कमी ठेवलीत तर बोट शिरणार नाही. काडी एलईडीच्या बाजूने आणा, म्हणजे ज्योत एलडीआरच्या समोर येते.

२२० ऐवजी १ किलोचा प्रीसेट (फिरवून रोध कमीजास्त करता येणारा छोटा रेझिस्टर) लावा. प्रयोगाच्या जागी, तिथल्याच दिव्यांत, आपोआप लागेपर्यंत फिरवायचा आणि मग विझेपर्यंत जरा मागे. एलडीआरशी सिरीजमध्ये १ किलो हवाच, नाहीतर भर उजेडात बेसला नको तेवढा करंट जातो.

काजळी४७: ग्लू गनने चिकटवणार असाल तर सांभाळा. तो गोंद अर्धपारदर्शक असतो, उजेड आतून एलडीआरपर्यंत पोचतो आणि चिमटीत धरूनही दिवा विझत नाही. एलडीआरच्या पाठीला आणि कडेला काळी हीट श्रिंक (तापवली की आक्रसणारी) नळी, तोंडापुढे ५ मिमी निघालेली. ट्यूबलाइटचा त्रासही तिनेच निम्मा होतो.

एलडीआर डबीत अंधारात पडून असेल तर आधी दहा मिनिटं उजेडात ठेवून मगच प्रीसेट लावा, नाहीतर आकडा सरकतो. आणि इन्फ्रारेड फोटोट्रान्झिस्टरच्या नादी लागू नका. ज्योत त्याला छान दिसते, पण पिवळा एलईडी जवळजवळ दिसत नाही, मग धरून कोण ठेवणार?

डाव्या_बाहीतलं: समोर बसवल्यावर धरून राहिला. फुंकरीने विझवायचा तर माइक जोडावा लागेल?

तांब्याची_तार: कशाला? वाऱ्यापासून ज्योत जपतो तशी ओंजळ धरा, फुंकर मारा आणि त्याच क्षणी करंगळी मधल्या फटीत घाला.